पड खाचरांचा हिशेब

कोकणातली भातशेती मागे हटते आहे आणि तरीही कोणाच्या घरचा भात शिजायचा थांबलेला नाही. म्हणूनच पड खाचरांची काळजी कोणाला वाटत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांत माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. २०२३ पासून ते मोफतच मिळू लागलं. गरिबाच्या घरात या धान्याचं मोल मोठं आहे. पण धान्य मिळण्याची हमी आणि ते पिकवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाढत असताना दुसरी गावातून मुकाट्याने निघून चालली आहे.

पूर्वीचं कोकण स्वयंपूर्ण होतं, असं मानायचं कारण नाही. खलाटीत, म्हणजे सखल जमिनीत, भात आणि वरकसावर, म्हणजे डोंगरउतारावर, नाचणी-वरी पिकायची, तरी घर चालायचं ते मुंबईच्या मनीऑर्डरीवर. शिवाय मुंबई इलाख्यात ब्रह्मदेशाचा तांदूळही येत असे. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश जिंकला, तो तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. दूरच्या कोठारावर विसंबण्याची किंमत तेव्हा कळली होती. आज आपली कोठारं पंजाब-छत्तीसगडमध्ये आहेत, म्हणजे देशातच आहेत. पण पंजाबात भातासाठी उपसलेल्या भूजलाची पातळी वर्षानुवर्षं खाली जाते आहे.

शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याची अडचण पाहा. मुलं शहरात, लावणीला माणूस मिळत नाही, सातबारावर चुलत्या-पुतण्यांची नावं दाटलेली, आणि पीक हाताशी आलं की रानडुकरं हजर. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने डोंगरउतारावर आंबा-काजू आणले. त्याचा पैसा भातापेक्षा बरा. तोट्यातली शेती सोडणारा माणूस आळशी नसतो, त्याला हिशेब येतो.

चूक आपल्या हिशेबात आहे. आपण फक्त तांदळाचे किलो मोजतो. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल-पावटा यायचा, पेंढ्यावर गुरं जगायची, गुरांमुळे घरात दूध आणि शेतात शेण असायचं. रेशनचा तांदूळ यातल्या एकाच गोष्टीची जागा भरतो. शिवाय खाचर एकट्याचं नसतं. एकाने पड टाकलं की बांध ढासळतो, गवत माजतं, डुकरांना आसरा मिळतो आणि शेजाऱ्यालाही शेती नकोशी होते. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात तर एका ठिकाणी बांध फुटला की खारं पाणी साऱ्यांच्याच शेतात शिरतं.

वाटा नाहीत असं नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळ्यांची सगुणा पद्धत चिखलणी आणि लावणी दोन्ही टाळते. खाऱ्या जमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने तग धरणारे वाण दिले आहेत. पण नवं तंत्र एकट्या शेतकऱ्याला तारणार नाही. बांध आणि राखण गावाने मिळून करायला हवी आणि सरकारने गिऱ्हाईक व्हायला हवं. शाळांच्या पोषण आहाराचा तांदूळ आणि अंगणवाडीतलं कडधान्य त्याच तालुक्यातून हमीभावाने घ्यावं. त्यासाठी थोडा जादा खर्च आला तर तो अनुदान म्हणून नव्हे, विम्याचा हप्ता म्हणून मांडावा. धान्य दुसरीकडून आणता येतं. मोडलेला बांध, गेलेली गुरं आणि शेती विसरलेली पिढी कुठल्याही गोदामातून आणता येणार नाही.