भिंत कोणाची, चित्र कोणाचे?

सौंदर्य हे श्रीमंतांचे राखीव कुरण नव्हे, हे आता बहुतेकांस पटले आहे. कलादालनाची पायरी ज्यांनी कधी चढली नाही त्यांच्या दारी कला न्यावी, हा विचार मुंबईत गेल्या काही वर्षांत चांगलाच रुजला. २०१७ च्या डिसेंबरात घाटकोपरजवळची असल्फ्याची टेकडी ‘चल रंग दे’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी रंगविली. पुढच्याच वर्षी त्यांचे कुंचले खारदांड्यात आले. ज्या वस्तीकडे पाहून शहराने नाक मुरडले, तिच्याकडे लोक थांबून पाहू लागले, हे थोडे नव्हे.

तरीही एक प्रश्न आमच्या मनात उरतो. ‘स्थानिकांचा सहभाग’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यांच्याकडे नेमके काय मागतो? भिंत रंगवू देण्याची संमती, दोन दिवसांची मदत, की काय रंगवावे हे ठरविण्याचा विचार?

सहभाग या शब्दात भाग आहे, आणि भाग म्हणजे वाटा. कोळ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशाचा वाटा, अशी त्याच्याकडे मासळीची विभागणी होत आली आहे. किनाऱ्यावर उभा राहून होडीकडे पाहणाऱ्याला कोणी वाटेकरी म्हणत नाही. मग ज्याच्या घराची भिंत, त्याला बघ्याची जागा का मिळावी?

२०१७ च्या अखेरीस कुलाब्याच्या ससून डॉकमध्ये ‘स्टार्ट इंडिया’ने मोठे प्रदर्शन भरविले. १८७५ साली बांधलेल्या त्या गोदीत कोळी स्त्रीपुरुषांची भव्य छायाचित्रे भिंतींवर लागली. तो सन्मानच होता. परंतु चेहरा देणे आणि हात देणे यांत अंतर आहे. त्याआधी २०१५ साली ‘स्नेहा’ या संस्थेने धारावीत कलाप्रदर्शन भरविले. आरोग्याचा, म्हणजे रोजच्या जगण्याचा विषय घेऊन रहिवाशांनी कलावंतांसोबत कार्यशाळांत बसून कलाकृती घडविल्या. धारावीकर तेथे कर्ते होते.

कोणी म्हणेल, सर्वांच्या हाती कुंचला दिला तर कलेचा दर्जा घसरेल. आक्षेप खोटा नाही. पण आपल्या गायनवृंदात तरी सगळेच कुठे मोठे गायक असतात? गायनप्रमुख त्यांचे सूर जुळवून घेतो. शिकलेल्या कलावंताचे कामही तेच. शिवाय फाटलेले जाळे सांधणारा आणि नारळी पौर्णिमेला होडी सजविणारा हात कलेला परका कसा म्हणावा?

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. बाहेरच्या माणसाला कोळीवाड्यात होडी, मासळी आणि रंगीत लुगडे देखणे वाटते. तेथे राहणाऱ्याला कदाचित वेगळेच सांगायचे असेल: जाळी वाळविण्याची जागा कशी आकसत गेली, मासळी किती दूर गेली, मुलगा दर्यावर जायला का तयार नाही. ते सांगण्याची मुभा नसेल, तर चित्र कितीही सुंदर असो, कोळी आपल्याच गावात शोभेची वस्तू ठरतो. माणसाला शोभेची वस्तू करणे, प्रेमाने केले तरी, अन्यायच आहे.

आपल्या घरांत याचा धडा जुना आहे. नाताळचा गोठा गल्लीतील मुले मिळून करतात. कोणी गवत आणतो, कोणी कागदाचे डोंगर रंगवितो. एखादे मेंढरू बाळ येशूपेक्षा मोठे झाले तरी ते बाहेर काढले जात नाही. म्हणूनच तो गोठा साऱ्या गल्लीचा होतो. धर्मग्रामाच्या सणाला आपण प्रदर्शन भरवू, तेव्हा एवढे करू या: रंग विकत आणण्यापूर्वी घरोघर जाऊन विचारू, “तुम्हांला काय दाखवायचे आहे?” आणि एखादी आजी म्हणाली, “माझ्या भिंतीवर काही नको,” तर तिचा नकारही तितक्याच आदराने ऐकू.