सेवेचे मोल

नागपूरच्या रामदासपेठेत आणि तिला लागून असलेल्या धंतोलीत रुग्णालये व दवाखाने इतक्या दाटीने उभे आहेत की विदर्भाच्या कानाकोपऱ्यांतून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातूनही रुग्ण तेथे येतात. या रुग्णालयांत संबोधनांची एक रूढ रीत आहे. परिचारिकेला 'सिस्टर' म्हणावयाचे, परिचारक पुरुष असेल तर 'ब्रदर', रुग्णाचे अंग पुसणारी व भांडे उचलणारी ती 'मावशी' आणि स्ट्रेचर ढकलणारा तो 'मामा'. डॉक्टर मात्र कोणाचेच मामा वा मावशी नसतात. ते 'डॉक्टर', 'सर' किंवा 'मॅडम' असतात. नात्याने हाक मारण्यात आपुलकी आहे, यात शंका नाही. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येते की ज्यांना आपण नात्याने हाक मारतो त्यांचाच पगार कमी असतो, आणि त्यांच्यात स्त्रियांची संख्या फार मोठी असते. घरच्या माणसाला कोणी वेतन देत नाही. मग बाहेरच्या स्त्रीला घरची म्हटल्याने तिच्या कामाचे मोल उतरते काय? हा प्रश्न आपल्या समाजाला इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे, म्हणून त्याचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

अधिक जवळचा अशासाठी की 'सिस्टर' हा शब्दच मुळी धर्मभगिनींकडून रुग्णालयात आला. रुग्णशुश्रूषा हे व्रत म्हणून पत्करलेल्या भगिनींचे नाव पुढे त्या व्यवसायालाच चिकटले. आपल्या देशात तर मिशनांच्या रुग्णालयांनीच या व्यवसायाचा पाया घातला. नागपुरात स्कॉटिश मिशनचे मूर मेमोरियल रुग्णालय याची साक्ष आहे. परक्या माणसाच्या देहाला, रक्ताला, मलमूत्राला हात लावणे हे विटाळाचे काम मानले जात असल्याने तथाकथित वरच्या जातींतील स्त्रिया त्यापासून दूर राहिल्या, आणि दीर्घकाळ या देशातील परिचारिकांत ख्रिस्ती स्त्रियांचाच भरणा राहिला. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाच्या द्वारे रमाबाई रानडे यांनी विधवांना या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा त्यांना लोकनिंदेला तोंड द्यावे लागले. आज आपल्या धर्मग्रामांत अशी घरे पुष्कळ आहेत की ज्यांत एखादी आत्या, एखादी मावशी परिचारिका किंवा शिक्षिका होती आणि तिच्या पगारावर धाकट्या भावंडांची शिक्षणे झाली. या कामाविषयीची कृतज्ञता आपल्याला कोणी शिकवावयास नको.

तथापि, कृतज्ञतेच्या पोटी एक गैरसमज वाढीस लागतो. शुश्रूषा हा स्त्रीचा स्वभावधर्मच आहे आणि निसर्गानेच हे काम तिच्याकडे सोपविले आहे, असे आपण सहज बोलून जातो. ख्रिस्तसभेचा इतिहास मात्र निराळे सांगतो. परिचर्या करणाऱ्यांचे आश्रयदाते संत म्हणून अकरावे पायस यांनी १९३० साली ज्या दोघांना घोषित केले ते दोघेही पुरुष होते. संत जॉन ऑफ गॉड आणि संत कॅमिलस ही त्यांची नावे. दोघांनीही तरुणपणी सैन्यात चाकरी केली होती. कॅमिलस तर जुगाराच्या नादाने भिकेला लागले होते. सोळाव्या शतकात पहिल्याने ग्रॅनडा येथे व दुसऱ्याने रोममध्ये रुग्णांच्या सेवेला वाहून घेतले, आणि त्यांच्या मागे जे संघ उभे राहिले त्यांतील पुरुष स्वतःच्या हातांनी रुग्णांना भरवीत, धूत व उचलीत. शुश्रूषा हा प्रशिक्षित स्त्रियांचा व्यवसाय झाला तो पुष्कळ नंतर. जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे १८३६ साली सुरू झालेले कार्य आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची लंडनमधील १८६० सालची शाळा हे त्यातील मोठे टप्पे होत.

याच्या उलट, वैद्यकी हे दीर्घकाळ पुरुषाचे क्षेत्र मानले गेले. धर्मभगिनींना तर प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करण्यास धर्मनियमांचीच आडकाठी होती. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे न गेल्याने उपचाराविना दगावतात, हे डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरन आणि त्यांच्यानंतर डॉ. ॲना डेंगेल यांनी तत्कालीन हिंदुस्थानातील रावळपिंडीच्या अनुभवावरून जाणले होते. त्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, आणि अखेर १९३६ साली रोमने भगिनींना ही मोकळीक दिली. जी गोष्ट निसर्गाची म्हणून सांगितली जात होती ती नियमाची निघाली. आणि नियम बदलता येतो.

शिक्षकाच्या व्यवसायाचेही असेच झाले. आपल्याकडे शिकविणारा तो पंतोजी, म्हणजे पुरुष. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवू लागल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि दगड फेकण्यात आले. आज लहान मुलांच्या वर्गात पुरुष शिक्षक दिसला तर पालकांना नवल वाटते, आणि 'शाळेतल्या बाई' हा शब्दप्रयोग जणू अनादी काळापासून चालत आल्यासारखा आपण वापरतो. पावणेदोनशे वर्षांत 'निसर्गा'ने इतकी मोठी पालट केली, असे कोण म्हणेल?

येथे युरोपकडे दृष्टी टाकणे उपयोगाचे ठरेल. ते आता आपल्याला दूरचेही राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. ज्या जर्मनीत आपल्या मुली जाऊ पाहतात तेथेही परिचर्या करणाऱ्या दर पाच जणांत सुमारे चार स्त्रियाच आहेत. युरोपीय संघात बालवाडीच्या शिक्षकांत शेकडा ९५ च्या आसपास स्त्रिया, तर संगणकतज्ज्ञांत पाचांत जेमतेम एक स्त्री आढळते. डॉक्टरांचे चित्र मात्र देशागणिक बदलते. लॅटव्हिया व एस्टोनिया येथे चारांतील जवळजवळ तीन डॉक्टर स्त्रिया आहेत, आणि पश्चिमेकडील काही देशांत त्या अजूनही निम्म्याहून कमी आहेत. युरोपातील स्त्रीचा स्वभाव देशाची सीमा ओलांडताच बदलत असेल, असे मानणे कठीण आहे. बदलतो तो इतिहास.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड या देशांत स्त्रियांना हक्क व सवलती भरपूर आहेत. तरीही तेथील परिचारिकांत पुरुष दहांत एकाच्याच आसपास आहेत. मुलींनी मोकळेपणाने हेच काम निवडले तर त्यात अन्याय तो कोणता? हा आक्षेप आम्ही बराचसा मान्य करतो. प्रत्येक व्यवसायात स्त्रिया आणि पुरुष निम्मे-निम्मे असावेत असा न्यायाचा काही दंडक नाही, आणि नुसती डोकी मोजून नीतीचा प्रश्न सुटत नाही. आमच्या मते विचारावयाचे प्रश्न दोन आहेत. पहिला, दार खरोखर उघडे होते काय? आणि दुसरा, त्या दारातून आत गेल्यावर कामाचे रास्त मोल मिळाले काय? पहिल्या प्रश्नावर जगाने पुष्कळ मजल मारली आहे. दुसऱ्यावर मात्र फार थोडी.

कारण अनुभव असा की एखादे काम स्त्रियांच्या हाती गेले की पुष्कळदा त्याचा भाव उतरतो. सोव्हिएत संघात डॉक्टरांपैकी सुमारे सत्तर टक्के स्त्रिया होत्या. पण तेथे डॉक्टरचा पगार कारखान्यातील कुशल कामगाराहून कमी असे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात कारकून हा प्रतिष्ठित पुरुष होता. टंकलेखन यंत्राबरोबर स्त्रिया कचेरीत आल्या आणि त्या कामाची पत घसरली. युरोपीय संघात २०२३ साली स्त्रियांचे सरासरी ताशी वेतन पुरुषांपेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते, आणि स्त्रिया अल्प वेतनाच्या व्यवसायांत एकवटलेल्या आहेत हे त्याचे एक मोठे कारण आहे.

कायदे नाहीत असे नाही. १९५७ च्या रोम करारात समान वेतनाचे कलम आले. फ्रान्समध्ये तसा नियम आधीच असल्याने शेजारी देशांतील स्वस्त स्त्रीश्रमामुळे आपले कारखाने मागे पडतील, ही भीती त्यामागे होती. पुढे बेल्जियमच्या सबेना विमान कंपनीतील परिचारिका नव्हे, तर हवाई सेविका असलेल्या गॅब्रिएल डेफ्रेन यांनी तेच काम करणाऱ्या पुरुषाइतके वेतन मागितले, आणि १९७६ साली युरोपीय न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी आपल्या संसदेने समान वेतनाचा कायदा संमत केला. तो पुढे २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाला. परंतु असा कायदा स्त्रीची तुलना तेच किंवा तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या पुरुषाशी करतो. ज्या कामात पुरुषच नाही तेथे तुलना कोणाशी करावयाची?

आपली अंगणवाडी सेविका हे याचे ठळक उदाहरण आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ही योजना सुरू झाली. योगायोग असा की त्याच महिन्याच्या २४ तारखेला आइसलँडमधील दहांपैकी नऊ स्त्रियांनी घरचे व बाहेरचे सारे काम एक दिवस थांबविले, आणि देशाचा व्यवहार ठप्प झाला. त्यांनी आपल्या श्रमाचे मोल दाखवून दिले, त्याच सुमारास आम्ही मात्र लाखो स्त्रियांसाठी एक गोड शब्द शोधून काढला : मानधन. वेतन मागता येते, मानधन स्वीकारावयाचे असते. २००५ पासून कामाला लागलेल्या 'आशा' तर 'स्वयंसेविका'च ठरल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, पण त्यानंतरही महाराष्ट्रातील आशांना मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सांगावयास सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल यावा लागला.

खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांचीही कथा फारशी निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने शिफारस केली की दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात परिचारिकेला सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे, आणि पन्नासाहून कमी खाटांच्या लहान रुग्णालयातही ते वीस हजार रुपयांच्या खाली नसावे. केरळमध्ये परिचारिकांच्या दीर्घ आंदोलनानंतर २०१८ साली त्या धर्तीवर किमान वेतन लागू झाले. त्या आंदोलनाचा प्रश्न तेथील चर्चच्या रुग्णालयांनाही चुकला नाही. हे वाक्य लिहिताना आम्हांला आनंद होत नाही. पण आपल्या घरचे म्हणून ते झाकणे योग्य होणार नाही.

सेवेला पैशाचे माप लावले तर ती सेवा कसली, असे कोणी म्हणेल. या म्हणण्यात दोन भिन्न गोष्टींची गल्लत आहे. धर्मभगिनी दारिद्र्याचे व्रत घेते ते स्वखुशीने, प्रभूच्या पाचारणाला उत्तर म्हणून. तिच्यामागे तिचा संघ असतो, म्हातारपणी तिला आसरा असतो. पगारावर नेमलेल्या संसारी स्त्रीने असे कोणतेही व्रत घेतलेले नाही. तिला घरभाडे आहे, मुलांची फी आहे. त्याग हा स्वतः करावयाचा असतो. दुसऱ्याकडून करवून घेतला की त्याचे नाव शोषण होते.

आपली संस्था गरिबांसाठी आहे, दर परवडणारे ठेवावे लागतात, ही अडचणही खरी आहे. परंतु सिस्टरचा पगार कापून रुग्णाचे बिल कमी केले असेल, तर तो दानधर्म संस्थेने केलेला नसून त्या सिस्टरने केला आहे. निदान तो तिच्या नावे मांडावयास हवा. आणि तिला न विचारता तो करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

ख्रिस्तसभेच्या शिकवणीचाही या बाबतीत विकास झाला आहे. १८९१ च्या परिपत्रकात तेराव्या लिओंनी कामगाराच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला, परंतु स्त्री ही स्वभावतः गृहकृत्यासाठीच योग्य असल्याचे मत त्यातच मांडले. १९८१ साली दुसऱ्या जॉन पॉल यांनी श्रमाविषयीच्या आपल्या परिपत्रकात दाखवून दिले की कामाची प्रतिष्ठा कामाच्या प्रकारावरून ठरत नाही. ते करणारी व्यक्ती मनुष्य आहे, यावरून ठरते. आणि १९९५ साली स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी समान कामाला समान वेतन, नोकरी करणाऱ्या मातांना संरक्षण व बढतीत न्याय यांची स्पष्ट मागणी केली. या सर्वांच्या मुळाशी शेवटच्या भोजनाचा प्रसंग आहे. पाय धुणे हे त्या काळी दासदासींचे काम होते. प्रभूने ते स्वतः केले, आणि शिष्यांनाही एकमेकांसाठी ते करावयास सांगितले. ते बारा जण पुरुष होते.

तेव्हा आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांनी काय करावे? मुलाने परिचर्येचे शिक्षण घेण्याची इच्छा दाखविली तर त्याची थट्टा होऊ नये, आणि मुलीला अभियांत्रिकीकडे जावयाचे असेल तर 'नर्सिंग बरे, नोकरी लगेच लागते' एवढ्यावर तिचे पाऊल मागे ओढू नये. घरी आजी अंथरुणाला खिळली की सून आणि मुलगी यांच्याबरोबर मुलानेही तिची उशी बदलावी, तिला भरवावे. आपल्यापैकी जे शाळा, रुग्णालये किंवा संस्था यांच्या कार्यकारिणीवर आहेत त्यांनी वर्षातून एकदा तरी वेतनपत्रक समोर घेऊन बसावे आणि स्वतःला एवढेच विचारावे : हेच काम पुरुष करीत असते, तर आम्ही त्यांना एवढ्यावरच राबविले असते काय? उत्तर ज्याचे त्याने द्यावयाचे आहे. पण कामकऱ्याची अडवून धरलेली मजुरी परमेश्वराच्या कानी जाते, ही संत याकोबाची ताकीद विसरून ते देता येणार नाही.