संक्षेप आणि ऋण

थोडक्यात सांगणे हा गुण आहे, असे आपण सर्वच मानतो. परंतु थोडक्यात सांगितलेले ज्याला उमगत नाही, त्याच्याविषयी सांगणाऱ्याचे काही कर्तव्य उरते काय? हा प्रश्न भाषेइतकाच नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते. एका संगणकीय भाषेच्या निमित्ताने तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

केनेथ आयव्हरसन हे कॅनडातील एका शेतकरी कुटुंबात वाढले. नववीनंतर त्यांची शाळा सुटली. पुढे सैन्यात असताना टपालाने अभ्यास करून त्यांनी शिक्षणाची वाट पुन्हा धरली. हार्वर्ड विद्यापीठात शिकवीत असताना त्यांना रूढ गणिती चिन्हांत सुसंगती आढळेना, म्हणून त्यांनी नवी चिन्हलिपी रचली. १९६२ साली ती ग्रंथरूपाने आली आणि तिचीच पुढे ‘एपीएल’ ही संगणकभाषा झाली. तिच्यात आकडे सुटे सुटे हाताळावे लागत नाहीत. सबंध रांग किंवा तक्ता एकदम हाती घेता येतो. वर्गातील सर्व मुलांच्या गुणांची बेरीज हवी असेल, तर अधिकचे चिन्ह आणि त्यापुढे एक तिरकी रेघ एवढे पुरते. चिन्हे नेमकी असली की विचारही नेमका होतो, ही आयव्हरसन यांची श्रद्धा होती. १९७९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार लाभला.

मात्र शिकणाऱ्याच्या बाजूने पाहावे. या भाषेत २ × ३ + ४ यांचे उत्तर १० नसून १४ येते, कारण प्रत्येक क्रियेआधी तिच्या उजवीकडचे सारे सोडवायचे असते. नियम एकच आणि सोपा. पण तो कोणी सांगितला नाही, तर हुशार मुलालाही आपण मठ्ठ आहोत असे वाटेल. अक्षरे वाचविणाऱ्याचे श्रम अशा वेळी नाहीसे होत नाहीत. ते शिकणाऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसतात.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’तील गणित मोजक्या श्लोकांत बांधले. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापिला. तेथील १२०७ सालचा शिलालेख याची साक्ष देतो. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून त्या नियमांमागील कारणे उलगडली. म्हणजे एकाने बांधले आणि दुसऱ्यांनी सोडून दाखविले, तेव्हा ती विद्या पुढे चालली.

यावर कोणी म्हणेल, मग सारे विस्ताराने का लिहू नये? तसे नव्हे. अधिकचे चिन्ह हाही संक्षेपच आहे. तो अंगवळणी पडल्यामुळेच मन पुढच्या विचाराला मोकळे होते. दोष संक्षेपाचा नाही. त्याचे कुंपण करून आत आपण व बाहेर अडाणी अशी वाटणी करण्यात दोष आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागांतील अनेक मुले आज पायथॉन शिकतात. तिच्यातील २००६ सालच्या ‘नमपाय’ या संग्रहात सबंध रांग एकदम हाताळण्याची हीच विचारपद्धती उतरली आहे. यांतील कित्येक मुले मराठी माध्यमातून आलेली, घरात संगणकाला हात लावणारी पहिलीच असतात. “एवढी एक ओळ कळत नाही?” हे वाक्य अशा मुलाला वर्गाबाहेर घालविण्यास पुरेसे होते. त्याऐवजी शिक्षकाने ती ओळ फळ्यावर लिहावी, तीन आकड्यांची रांग घेऊन प्रत्येक पायरी हाताने सोडवून दाखवावी आणि मगच पायऱ्या पुसून ती एक ओळ ठेवावी. विद्यार्थ्यानेही घाई न करता त्या पायऱ्या स्वतःच्या वहीत पुन्हा उतरवाव्यात.

ज्याला आज एक ओळ वाचता येते, त्याच्यासाठी कोणीतरी ती केव्हातरी दहा ओळींत सोडविली होती. ते ऋण मागे फेडता येत नाही. पुढे, शेजारच्या बाकावर बसलेल्याला समजावूनच ते फेडावे लागते.