सोडलेला मासा

हुडकेश्वरच्या नव्या वस्त्यांपलीकडे एका तळ्याच्या काठी पावसाळा ओसरला की मुले गळ टाकून बसतात. आमिष म्हणून कणकेची गोळी. एकदा त्यांतील एकाने मला विचारले, "फादर, हे मासे सोडलेले आहेत. मग पकडायला हरकत काय?" प्रश्न साधा होता; मला मात्र तो पुष्कळ दिवस पुरला.

मासे सोडण्याची रीत जुनी आहे. 1900च्या सुमारास स्कॉटलंडहून ट्राउटची अंडी काश्मीरात आणली गेली. आज तो मासा तिथलाच वाटतो. विदर्भातील तलावांत कटला, रोहू, मृगल यांची बोटुकली सोडतात, कारण हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या पाण्यात सहसा नाही. 1957 साली डॉ. हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने त्यांचे प्रजनन घडवून आणले आणि मत्स्यबीजाची वाट सुकर झाली. त्यावर कित्येक ढिवर कुटुंबांची चूल पेटते. तेव्हा पोटासाठी असा मासा पकडण्यात पाप नाही, एवढे मी त्या मुलास सांगितले.

तथापि प्रश्न तेथे संपत नाही. ट्राउटचा शिकारी गळाला पिसांची खोटी माशी बांधतो. त्यासाठी तो पाण्यातील कीटक अभ्यासतो. मे-फ्लाय नावाचा कीटक आपले बहुतेक आयुष्य पाण्याच्या तळाशी, दगडांच्या आडोशाला काढतो. पंख फुटल्यावर मात्र काही तास, फार तर दोन-चार दिवस जगतो. हे ज्ञान मिळवले जाते ते माशाला फसवण्यासाठी. परंतु जो दगड उलटून पाहतो, त्याला नदीची प्रकृतीही कळते. असे बहुतेक कीटक प्राणवायूने समृद्ध, स्वच्छ पाण्यात राहतात. सांडपाणी मिसळले की ते नाहीसे होतात आणि अल्प प्राणवायूवर तगणाऱ्या तांबड्या अळ्या तेवढ्या उरतात.

आपल्या दक्षिण नागपुरातील पोहरा नदी शहराचे सांडपाणी पोटात घेऊन वाहते. उद्या तिच्यात हजार बोटुकली सोडली, तर छायाचित्र चांगले येईल. नदी जिवंत होणार नाही. मासा बाहेरून आणता येतो, त्याला जगवणारे पाणी बाहेरून आणता येत नाही.

येथे मला माझेच वर्तन आठवते. दर हिवाळ्यात मी घोंगड्या वाटल्या. दरवर्षी तेच हात पुढे आले. ते का येतात, हे मी कित्येक वर्षे विचारले नाही. घोंगडी देणे चूक नव्हते; थंडी खरी होती. परंतु देऊन झाले की कर्तव्य संपले असे मानणे, हे मात्र मासे सोडून नदीकडे पाठ फिरवण्यासारखेच होते.

ज्याला दगडाखालचे ठाऊक झाले, त्याला केवळ गळ टाकून उठता येत नाही. ते ज्ञान त्याने कोणत्याही हेतूने मिळवलेले असो, ते त्याला नदीचा साक्षीदार करते. आणि साक्षीदाराने मौन धरणे हीही एक फसवणूकच होय.