'ऐकले नाही' आणि 'म्हणाले नाहीत'



दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता शाळा-कचेऱ्यांतून दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. गांधीजी 'हे राम' म्हणून कोसळले, हे आपण सर्वांनी प्राथमिक शाळेतच पाठ केले आहे. दिल्लीला जाऊन आलेल्यांनी राजघाटावरील काळ्या समाधीवर तेच दोन शब्द पाहिले असतील. तरीही ते शब्द खरोखर उच्चारले गेले काय, यावर आजही वाद होतो आणि वाद करणारे एकमेकांना सरळ खोटारडे म्हणून मोकळे होतात. आम्हाला प्रश्न पडतो तो या दुसऱ्या गोष्टीचा. दोन साक्षी जुळल्या नाहीत, म्हणजे कोणीतरी खोटे बोललेच पाहिजे काय?

१९४८ सालच्या त्या संध्याकाळी काय झाले ते आधी पाहू. सरदार पटेलांशी बोलणे लांबल्यामुळे गांधीजींना प्रार्थनेला उशीर झाला होता. मनू आणि आभा या दोघींच्या खांद्यांवर हात ठेवून ते बिर्ला भवनाच्या हिरवळीवरून झपझप निघाले. सव्वापाचच्या सुमारास नथुराम गोडसे गर्दीतून पुढे आला. त्याने मनूला बाजूला ढकलले, तिच्या हातातील माळ व वही खाली पडली आणि अगदी जवळून तीन गोळ्या सुटल्या. सारे काही क्षणांतच संपले.

नंदलाल मेहता नावाचे गृहस्थ तेथे होते. त्यांनी त्याच संध्याकाळी दिलेली फिर्याद तुघलक रोड पोलीस ठाण्यात उर्दूत नोंदवली गेली. गांधीजी 'राम राम' म्हणत मागे कोसळले, असे तीत आहे. मनूने पुढे आपल्या लिखाणात 'हे राम' असे नोंदविले. सरदार गुरुबचनसिंग यांनी न्यायालयात रामाचे नाव ऐकल्याचे सांगितले. गांधीजींचे एक चिटणीस व्ही. कल्याणम हेही काही पावलांवरच होते. असे कोणतेही शब्द उच्चारले गेले नाहीत, असे त्यांनी सांगितल्याचे २००६ मध्ये वृत्तपत्रांत छापून आले आणि मोठे काहूर उठले. नथुरामचे बंधू गोपाळ गोडसे तर सांगत राहिले की, तोंडातून केवळ 'आह' निघाला. लोक त्यांचीही साक्ष या यादीत धरतात. पण गोपाळ गोडसे त्या संध्याकाळी बिर्ला भवनात नव्हतेच. ऐकीव गोष्टीला साक्ष म्हणता येत नाही.

मारेकऱ्याला पकडले कोणी, याचेही तसेच. कोणी बिर्ला भवनातील माळी रघू नायक यांचे नाव घेतो, कोणी अमेरिकन वकिलातीतील तरुण अधिकारी हर्बर्ट राइनर यांचे, तर कोणी हवाई दलातील एका सार्जंटचे. झटापटीत अनेक हात पडतात, आणि ज्याच्या त्याच्या लक्षात आपलाच हात राहतो.

प्रायश्चित्तकाळात आपण मिस्सामध्ये सुसान्नेची कथा ऐकतो. दानिएलने दोन्ही वडीलधाऱ्यांना वेगवेगळे करून विचारले की, कोणत्या झाडाखाली पाहिलेस? एकाने एक झाड सांगितले, दुसऱ्याने भलतेच. तेवढ्यावरून लबाडी उघडी पडली, कारण खरोखर पाहिलेल्या माणसाला ते झाड चुकले नसते. पण पिस्तुलाच्या आवाजात, गर्दीत, पडत्या माणसाच्या ओठांवरचे दोन शब्द प्रामाणिक माणसालाही चुकू शकतात. तेव्हा फरक आहे की नाही, एवढेच पाहून भागत नाही. जे चुकले ते खऱ्या साक्षीदाराला चुकण्यासारखे होते काय, हे पाहावे लागते. मेहतांच्या फिर्यादीत मारेकऱ्याचे नाव 'नारायण विनायक गोडसे' असे पडले आहे. म्हणून मेहता तेथे नव्हतेच, असे कोणी म्हणत नाही. कबरीकडे गेलेल्या स्त्रियांची नावे चारही शुभवर्तमानांत सारखी नाहीत. कबर रिकामी होती, यावर मात्र चौघांचेही एकमत आहे.

आमच्या मते मनूचे आणि मेहतांचे म्हणणे वजनदार आहे. मनू अगदी लगत होती. मेहतांनी जबानी दिली तेव्हा त्या शब्दांभोवती कसलीही आख्यायिका जमलेली नव्हती. कल्याणम यांना ऐकू न आल्याने या दोघांचे ऐकणे रद्द होत नाही.

तरीही साक्षीदार खरा वाटणे निराळे आणि त्याच्या एकट्याच्या शब्दावर निकाल देणे निराळे. लाल किल्ल्यातील खटल्यात सरकार पक्षाचे १४९ साक्षीदार तपासले गेले. पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला होता. न्यायाधीश आत्माचरण यांना तो खरे बोलणारा वाटला. परंतु सावरकरांविरुद्धच्या त्याच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाही, म्हणून १९४९ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांनी त्यांना निर्दोष सोडले. एका साक्षीदारावर कोणाला दोषी धरू नये, हा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक आपल्या परिचयाचा आहे.

आपल्या परभणीच्या खेड्यापाड्यांत धुऱ्याचे भांडण निघाले किंवा चौकात मोटारसायकलींची धडक झाली, की चार माणसे जमतात आणि एखाद्याला पुढे ओढतात. "तू होतास ना तिथं, मग सांग की!" तो होता, पण त्याची पाठ होती. दोन्ही बाजू त्याच्या तोंडाकडे पाहत असतात, त्यातली एक बाजू त्याच्या भावकीची असते. अशा वेळी 'मला दिसलं नाही' म्हणणारा माणूस दोघांनाही नकोसा होतो. मग 'दिसलं नाही'चे हळूच 'तसं झालंच नाही' होते. आठवी आज्ञा आपण लबाडांसाठी आहे असे समजतो. ती येथे मोडते, आणि मोडणाऱ्याला पुष्कळदा पत्ताही लागत नाही.

२०१८ च्या जानेवारीत, नव्वदी ओलांडलेल्या कल्याणम यांनी वृत्तसंस्थेजवळ खुलासा केला. गांधीजी 'हे राम' म्हणाले नाहीत, असे आपण कधीच म्हटले नव्हते. आपल्याला ते ऐकू आले नाही, एवढेच म्हटले होते. २०२१ मध्ये चेन्नईत त्यांचे निधन झाले. त्यांचे जुने, छापून आलेले वाक्य अजूनही वादात पुढे केले जाते. खुलासा फारसा कोणी सांगत नाही.