नेतेपदाचा वाद आणि लोकमताची कसोटी

१९३७ साली मुंबई इलाख्यात अधिकारारूढ होऊ घातलेल्या काँग्रेस पक्षाने नरीमन यांस डावलून बाळासाहेब खेर यांस नेता निवडले, तेव्हा मुंबईत अन्यायाची मोठी ओरड झाली. पुढे गांधीजी व बहादुरजी यांच्या चौकशीत तो आरोप टिकला नाही. एका व्यक्तीवरील अन्यायाची चीड येणे गैर, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याच काळी डहाणू-तलासरीच्या रानांत वारली वेठीस राबत होता. त्याच्यासाठी तेवढी ओरड कोठे झाली? अखेर १९४५ साली झरीच्या सभेपासून त्यानेच वेठ झुगारली. गादीवर कोण बसला, एवढेच विचारणारे लोकमत अर्धे निद्रिस्त होय. त्या गादीने कोणाचे जोखड उतरले, हे ज्या दिवशी ते विचारील, त्या दिवशी ते जागे झाले असे आम्ही समजू.