उतारशाळेपर्यंत सोबत

सामान्य काळातील पंधरावा रविवार (वर्ष क)
शुभवर्तमान : लूक १०:२५-३७



दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तरी त्यातली एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. यरुशलेमहून यरीहोकडे निघालेल्या वाटसरूला ज्यांनी लुटले, ते लुटारू पुढे सापडले की नाही, याविषयी प्रभू येशू एक अक्षरही बोलत नाही. लुटारूंना शासन नको, असे प्रभूला म्हणायचे नाही. पण त्याची नजर रस्त्याच्या कडेला अर्धमेल्या पडलेल्या माणसावर खिळलेली आहे. आता याचे काय होणार, हा प्रभूचा प्रश्न आहे.

आपण मात्र गुन्ह्याची बातमी वाचतो तेव्हा विचारतो, 'कोण पकडला गेला? कोणते कलम लागले?' ज्याच्यावर घाला पडला, तो माणूस बातमीतून लवकरच नाहीसा होतो. न्यायालयातही त्याला साक्ष देण्यापुरते बोलावले जाते. त्याच्या जखमेवर तेल कोणी ओतायचे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडले आहे. विवाहितेचा छळ करणाऱ्यांना शिक्षा देणारे ४९८ अ हे कलम १९८३ साली कायद्यात आले. (आज ते भारतीय न्याय संहितेत कलम ८५ व ८६ म्हणून आहे.) कायदा आला, पण पोलिस ठाण्याची पायरी चढणाऱ्या बाईला 'हा तुमचा घरगुती मामला, घरी जाऊन मिटवा' असेच ऐकावे लागे. म्हणून १९८४ साली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने पोलिस आयुक्तांच्या कार्यालयातच महिला व मुलांसाठी एक विशेष कक्ष सुरू केला. पुढे २००५ मध्ये राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने हे काम आपल्या हाती घेतले, आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले.

या कक्षात बसणाऱ्या ताई पोलिस नसतात. त्या समाजकार्याचे शिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्या असतात. अंगावर गणवेश नाही, पण बसायची जागा पोलिसांच्या छताखाली. तक्रार लिहून घेणे आणि गुन्हेगार शोधणे हे पोलिसांचे काम. पण मार खाऊन आलेल्या बहिणीच्या मनात वेगळेच प्रश्न असतात. आज रात्री मुलांना घेऊन झोपायचे कुठे? माझे दागिने, मुलांचे शाळेचे दाखले सासरीच राहिले, ते कसे आणायचे? तक्रार केली तर तो आणखी मारील काय? फिर्यादीच्या कागदावर या प्रश्नांना जागा नसते. कक्षातील ताई आधी हेच ऐकून घेते. तुझेच काहीतरी चुकले असेल, असे ती म्हणत नाही. पुढे काय करायचे, हेही ती ठरवत नाही. कोणकोणत्या वाटा आहेत ते समजावून सांगते आणि निवड त्या बहिणीवर सोपवते. नवऱ्याला बोलावून बोलणी करायची असतील, तर मारहाण थांबलीच पाहिजे ही पहिली अट असते. गरज पडल्यास निवारागृह, वकील, दवाखाना यांच्याशी गाठ घालून देते, पोलिसांच्या मदतीने स्त्रीधन परत मिळवून देते, आणि पुढेही चौकशी करीत राहते. यासाठी पैसे पडत नाहीत.

शोमरोनी माणसानेही हेच केले. त्याने जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवून त्या माणसाला उतारशाळेत नेले, आणि दुसऱ्या दिवशी दोन दिनार देऊन, परतताना उरलेला खर्च फेडीन असे सांगून गेला. दोन दिनार म्हणजे दोन दिवसांची मजुरी. त्याची दया दुसऱ्या दिवशीही संपली नाही.

बंधुभगिनींनो, वळसा घालून निघून गेलेले ते दोघे मंदिराची सेवा करणारे होते, हे आपण विसरू नये. आज मला हे स्वतःला आणि तुम्हाला विचारायचे आहे. आपल्या धर्मग्रामात एखादी बहीण सुजलेला चेहरा पदराखाली लपवून आपल्याकडे येते, तेव्हा आपण काय म्हणतो? 'सहन कर. मुलांकडे बघ. लोक काय म्हणतील?' आणि शेवटी, 'हा तुझा क्रूस आहे.' प्रभूने आपला क्रूस स्वखुशीने उचलला. दुसऱ्याच्या हातची मारहाण तिसऱ्याच्या पाठीवर क्रूस म्हणून ठेवणे, हे शुभवर्तमान नव्हे. ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ११५३) सांगतो की, जोडीदाराकडून देहाला वा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ते न्याय्य कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली 'आमोरिस लेतीत्सिया' या पत्रात लिहिले की, दुर्बळ जोडीदाराला किंवा लहान मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी कधी कधी विभक्त होणे नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. विवाह पवित्र आहे, म्हणूनच त्यात मारहाणीला जागा नाही. क्षमा करायची ती मनाने. क्षमा म्हणजे पुन्हा मार खायला परत जाणे नव्हे.

मग आपण काय करावे? पहिले, मध्येच न तोडता ऐकून घ्यावे, आणि ऐकलेले वाडीभर करू नये. दुसरे, सोबत जावे. पोलिसांचा प्रतिसाद सगळीकडे सारखा नसतो. एकट्या बाईला दारातून परत पाठवणे सोपे असते, पण बरोबर कोणी असले की तिचे म्हणणे ऐकले जाते. तिसरे, तिचे हक्क तिला सांगावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलिस ठाण्यात देता येते, तिची प्रत विनामूल्य मिळते, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पोलिसांनी कळवायचे असते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. स्त्रिया व मुलांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक घरात लिहून ठेवा. चौथे, महिन्याभराने पुन्हा तिच्या दारी जावे. तोवर बाकीचे सगळे विसरलेले असतात.

आजच्या पहिल्या वाचनात मोशे लोकांना सांगतो की, देवाची आज्ञा आकाशात नाही की समुद्रापलीकडे नाही, ती अगदी तुमच्याजवळ आहे. जखमी शेजारीही तसाच जवळ असतो, कधी एका भिंतीपलीकडे. रात्री तिकडून रडण्याचा आवाज आला, तर आपल्या टीव्हीचा आवाज वाढवू नका.

प्रार्थना करू या : हे प्रभो, वाटेवर घायाळ होऊन पडलेल्यांना वळसा घालून जाण्यापासून आम्हाला आवर. पोलिस ठाण्यांत, दवाखान्यांत आणि निवारागृहांत त्यांची सेवा करणाऱ्यांना बळ दे. आणि दारात उभ्या असलेल्या बहिणीचा हात धरून चार पावले चालण्याचे धैर्य आम्हा प्रत्येकाला दे. आमेन.